यादीतले मधले नंबर

आमच्या हॉस्पिटलात देवाची परीक्षा घ्यायचं ठरलं तेव्हा पेपर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. अर्थात असं कोणी म्हणालं नाही. मंजुरीच्या अर्जावर विषय होता, 'कर्करुग्णांसाठी इतरांनी केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांच्या स्वास्थ्यावर होणारा परिणाम'. ऐंशी रुग्ण घ्यायचे. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करायचे. एका भागासाठी बाहेरच्या एका गटाने दर मंगळवारी चार वाजता प्रार्थना करायची, दुसऱ्या भागासाठी करायची नाही. औषधं सगळ्यांना नेहमीचीच. सहा महिन्यांनी कोणाला किती बरं वाटतंय ते मोजायचं. कोण कुठल्या भागात आहे हे रुग्णाला, डॉक्टरांना आणि मला कळता कामा नये. मी संशोधन विभागातला कारकून. संख्याशास्त्रातली पदवी आहे, पण तिचा उपयोग आजवर मुख्यतः शिल्लक रजा मोजायला झाला.

प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णांची नावं द्यायची नाहीत, असा गोपनीयतेचा नियम. म्हणून नंबर. तळमजल्यावरचे संख्याशास्त्रज्ञ दर मंगळवारी ताजी यादी छापायचे, लिफाफ्यात घालायचे आणि लिफाफा स्टेपलरच्या एका पिनेने बंद करायचे. तो मी गटाला नेऊन द्यायचा. विज्ञानाची सगळी अब्रू त्या एका पिनेवर होती.

ऐंशींतला अडतीस नंबर माझी ताई. हे मी मोठ्या डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा भाग कुठला ते तुम्हाला कळणारच नाहीये. मग हरकत काय?" बाई हुशार आहेत, पण पिनेकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं.

ताईने तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. देवावर तिचा विश्वास नाही, प्रयोगावर आहे, म्हणून तिने संमतिपत्रावर सही केली. त्याआधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या. दर आठवड्याला स्वास्थ्याचा सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा असतो. 'मला माझ्या आयुष्यात अर्थ वाटतो' या वाक्यापुढे 'अजिबात नाही'पासून 'पुष्कळ'पर्यंत पाच चौकोन. ताईने समासात लिहिलं, 'एकक कोणतं?' 'मला मनःशांती लाभते' यापुढे, 'केव्हा? दिवसातून चोवीस तास असतात.' हे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरणारा मीच. एककासाठी त्यात रकाना नव्हता.

अभ्यासाच्या चौथ्या महिन्यात ताईचा केमोचा चौथा डोस झाला. एकूण सहा होते. त्यानंतरच्या शनिवारी मी तिच्याकडे गेलो तर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून ब्लाउजचं बटण लावत होती. बोटांची टोकं बधिर झाली होती. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो फुटपट्टीने बाजूला सारावा तसा नजरेने सारला.

"ठोंब्या, मी आता थांबते म्हणते." मला एकावन्न वर्षं झाली तरी मी तिचा ठोंब्याच आहे.

"थांबते म्हणजे?"

"म्हणजे पाचवा नको. सहावा तर नकोच. पाणीसुद्धा पत्र्यासारखं लागतं मला. तोंडात फोड आहेत, रात्रभर पाय जळतात. वाचलेलं पान परत वाचावं लागतं."

"पण डॉक्टर म्हणतात की सहा पुरे केले तर..."

"तर शंभरात सत्तर जगतात. चारावर थांबले तर शंभरात साठ. विचारून झालंय माझं. मधले दहा कोण, ते त्यांना सांगता येत नाही."

त्या मधल्या दहात ताई असेल, असं माझं म्हणणं होतं. पण ते गणितात मांडता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत तिच्याशी बोलायची मला सवय नाही.

"एकच अडचण आहे," ताई म्हणाली. "ती मंगळवारची माणसं."

"कुठली?"

"ती रे, प्रार्थनावाली. माझ्यासाठी कोणी ओळख ना पाळख असलेलं दर आठवड्याला बसत असेल, तर मी मधेच उठून जाणं बरं दिसत नाही. पाहुणे ताटावर बसलेत आणि यजमान झोपायला गेला, असं होईल ते. मी दुसऱ्या भागात असेन तर मोकळी. तेवढं बघून सांग."

"तुझा प्रार्थनेवर विश्वास नाही ना?"

"प्रार्थनेवर नाही. रीतभात म्हणून काही असतं की नाही?"

"ते बघणं नियमात बसत नाही, ताई."

"नियमात न बसणारं काही केलंस की तुझे कान लाल होतात. तेवढे सांभाळ."

पाचवा डोस दोन आठवड्यांनी, मंगळवारीच होता. म्हणजे माझ्या हातात दोन लिफाफे होते.

पहिला मी त्याच मंगळवारी जिन्यात उभा राहून उघडला. पीन नखाने निघाली. यादी चढत्या क्रमाने, एकाखाली एक. ...३५, ३७, ३९, ४०, ४३... मी पुन्हा वाचली. मग कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं. मागे काही नव्हतं. सदतीसनंतर एकोणचाळीस.

आता खरं तर प्रश्न सोपा होता. ताईला 'आहेस' म्हणून सांगायचं. पण माझं खोटं तिला मी पहिलीत असल्यापासून पकडता येतं. मग मला वाटलं, खोटं बोलायचं नसेल तर ते आधी खरं करून घ्यावं. गटाला सांगून अडतीस घुसवावा. अभ्यास बिघडेल, पण एका नंबराने किती बिघडणार? हा विचार करत माझ्या स्टेपलरने लिफाफ्याला नवी पीन मारत असताना माझ्यातल्या पदवीधराने खाली मान घातली होती, हे कबूल करतो.

गट जमायचा एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत. सोळा पायऱ्या. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात एका स्टुलाला ठोकलेलं लाकडी स्टिअरिंग. स्कूलचे मास्तर गटातलेच. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून प्रार्थनेकडे वळले असावेत. एक शिंपीणबाई होत्या, आणखी चारपाच जण होते, आणि सगळ्यांच्या पुढे निवृत्त मेट्रनबाई. प्रत्येकाचा देव वेगळा असावा, पण वेळ एकच होती.

"या हॉस्पिटलवाले," मेट्रनबाई म्हणाल्या. "पीन वाकडी लागलीय आज."

माझे कान तापले. "मेट्रनबाई, एक विनंती होती. यादीत एक नंबर राहिलाय."

"कुठला?"

"अडतीस."

"अडतीस कुठं राहिलाय? तो असतो की."

मी म्हटलं, यादीत नाहीये. त्या म्हणाल्या, यादीत नसेल, पण इथं असतो. आणि मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी मान डोलावली. "असतो."

"पहिल्या दिवशी तुमची यादी आली," मेट्रनबाई सांगू लागल्या, "तर दोनापासून सुरू. दोन, तीन, सहा, सात. म्हटलं, एक कुठं गेला? चार, पाच? एकतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. ड्युटी बदलताना खाटा मोजून घ्यायची पद्धत आमची. सदतीसनंतर एकदम एकोणचाळीस आली, तर अडतीसच्या खाटेचं काय झालं ते विचारल्याशिवाय मी रजिस्टरवर सही केली नाही कधी. म्हटलं, टायपिंगमध्ये राहिले असतील. आपण भरून घेऊ."

"सगळे भरून घेता?"

"मग काय निवडून घ्यायचे?"

"टायपिंगमध्ये नव्हते राहिले. मुद्दाम वगळलेत ते."

डोस चुकवलेल्या नवशिक्या नर्सकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुद्दाम? आजारी माणसांना?"

मी तुलनेचं तत्त्व समजावून सांगितलं. अर्ध्यांना द्यायचं, अर्ध्यांना नाही, म्हणजे फरक कळतो. सांगताना ते मला स्वतःलाच थोडं विचित्र वाटलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "आम्हाला तसं कोणी बोललं नाही." मी सूचनेचा कागद मागून घेतला. त्यावर होतं: 'सोबतच्या यादीतील क्रमांकांसाठी प्रार्थना करावी.' बाकीच्यांसाठी करू नये, असं कुठेही नव्हतं. कागद मीच टाइप केला होता.

"शेवटचा नंबर कितवा धरता?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. यादी तिथं संपते."

म्हणजे एकोणऐंशी आणि ऐंशी हे दोघेच राहिले होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याच संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. मागायला गेलो ते आधीच झालेलं होतं, म्हणून मला हलकं वाटत होतं, आणि म्हणूनच बहुधा मी फार भराभर बोललो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खोटं," ती म्हणाली.

"अगं, खरंच."

"तपशील फार आहेत. लाकडी स्टिअरिंग काय, सोळा पायऱ्या काय. खरं सांगणारा नुसता 'हो' म्हणतो."

"मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर?"

"तरी खोटंच म्हटलं असतं. मला डोस घ्यायला लावायचाय तुला. म्हणजे यादीत मी नाहीये, एवढं कळलं."

आयुष्यात एकदा मी तिला धडधडीत खरं सांगितलं आणि त्यातूनही तिने खरंच काढलं, फक्त माझ्या उपयोगाचं नाही ते.

"तू चल," मी म्हटलं. "स्वतःच्या कानांनी ऐक."

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो. दहाव्या पायरीवर ताई थांबली, कठडा धरून उभी राहिली, "दहा" म्हणाली आणि उरलेल्या सहा मनात मोजत चढली. मी तिची ओळख 'माझी बहीण, बघायला आलीय' एवढीच करून दिली. मेट्रनबाईंनी तिच्या डोक्यावरचा रुमाल पाहिला, काळी पडलेली नखं पाहिली, काही विचारलं नाही. खिडकीजवळची खुर्ची उचलून वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली.

चार वाजले. मेट्रनबाई नंबर उच्चारायच्या आणि मग अर्धा मिनिट सगळे गप्प, किंवा कोणी हळू आवाजात काही मागायचं. प्रत्येक नंबराला त्यांनी माणूस बनवला होता. सातवा नंबर आजोबा होता. बावीस नुकतीच लग्न झालेली मुलगी. "सदतीस," मेट्रनबाई म्हणाल्या आणि शिंपीणबाईंनी मागितलं, "शाळेतल्या बाई. त्यांना परत मुलांत जाऊ दे." ताईने डोळे बारीक केले.

"अडतीस."

"अडतीसराव," मास्तरांनी हात जोडले. "त्यांना परत गाडीवर बसता येऊ दे. पाठ दुखायची थांबू दे. आणि घरच्यांवर चिडचिड थोडी कमी होऊ दे."

अर्धा मिनिट शांतता. ताई समोरच्या 'पुढे अरुंद पूल' या खुणेकडे बघत होती. मी ताईकडे.

संपल्यावर ताईने मास्तरांना गाठलं. "हे अडतीसराव कोण?"

"ट्रकवाले. म्हणजे मीच धरलेत तसं. नुसत्या आकड्याशी बोलता येत नाही हो. भरघोस मिशा आहेत. तापट आहे माणूस, पण मनाने चांगला."

"तापट कशावरून?"

"अडतीस म्हटलं की मला तसंच वाटतं. का, चुकतंय का काही?"

ताईने थोडा विचार केला. "नाही. बरोबर असेल," ती म्हणाली.

जिना उतरताना मी विचारलं, "आता पटलं? पण ताई, हे चालेल का? बाईच्या जागी मिशावाला पुरुष?"

"नाव चुकलंय. नंबर बरोबर आहे. शाळेत मी अशा उत्तरपत्रिका तपासल्यात, मार्क दिलेत." चार पायऱ्या ती उतरली. मग म्हणाली, "अठ्ठ्याहत्तरवर थांबले ते. तुमचे रुग्ण ऐंशी ना?"

"हो."

"मग तुलना करायला उरले दोघं. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"नाही."

"सांग."

"पीन मी काढली हेही सांगावं लागेल. तुझ्यासाठी काढली होती."

"म्हणून तर सांग म्हणतेय. माझ्या नावावर चुकीचं उत्तर नको."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, ते तिथे आलं. डॉक्टरांना हे सांगितलं तर अभ्यास थांबणार. अभ्यास थांबला की गट बसणार नाही. गट बसला नाही की ताई मोकळी. म्हणजे ताईच्याच सांगण्यावरून मी ताईला सुटका मिळवून देत होतो. परत फिरावं असं वाटलं. पण तोवर डॉक्टरांनी "या" म्हटलं होतं.

त्यांनी सगळं ऐकलं. टेबलावर चार महिन्यांचे आकडे होते. दोन्ही भागांना सारखंच बरं वाटत होतं, अगदी दशांश चिन्हापर्यंत.

"मी लिहून ठेवलं होतं की फरक पडत नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता?"

"आता फरक पडतो की नाही ते माहीत नाही."

"ते सुरू करायच्या आधीपण माहीत नव्हतं."

"हो."

त्या पेनचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. मग विचारायचं नव्हतं अशा सुरात विचारलं, "ते दोघं कसे आहेत?"

"एकोणऐंशी नंबर पोहायला जायला लागलेत. ऐंशी नंबरच्या बाईंनी गेल्या आठवड्यात घर बदललं. कपाट स्वतः सरकवलं म्हणाल्या."

"दोघांवरून काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. थोड्या वेळाने हेच त्यांनी पुन्हा म्हटलं. मलाही ते पटलं, दोन्ही वेळा. तरी आम्ही दोघे बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होतो. प्रार्थनेने माणूस बरा होतो की तिच्या तावडीतून सुटल्याने, असा प्रश्न त्या कागदावर पडला होता, आणि उत्तराचा चौकोन नव्हता.

त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, माझा स्टेपलरही घेतला. अभ्यास स्थगित झाल्याचं पत्र गटाला नेऊन द्यायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

सोमवारी दुपारी मेट्रनबाईंनी पत्र चष्मा लावून वाचलं. "'यापुढे प्रार्थनेची आवश्यकता नाही.' सगळे बरे झाले का?"

"नाही."

"मग?"

मेट्रनबाईंनी पत्राची घडी घातली आणि तक्त्याच्या मागे खोचली.

"एकूण किती होते हो?"

"ऐंशी."

"म्हणजे वरचे दोन राहिले. हे आधी नाही का सांगायचं?" त्या मला रागावल्या, आणि चार महिने ज्यांना कोणी वाली नव्हता त्या पोहणाऱ्या माणसाची मला उगाच काळजी वाटली.

"म्हणजे उद्या बसणार तुम्ही?" मी विचारलं.

"मंगळवार आहे ना उद्या?"

हे मी ताईला फोनवर सांगितलं. या वेळी तपशील दिले नाहीत. "बसणार आहेत," एवढंच म्हटलं.

"बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी दीड वाजता मी डे-केअरच्या दाराशी उभा होतो. ती येणार की नाही, मला माहीत नव्हतं. पावणेदोनला ती रिक्षातून उतरली, हातात अंककोड्यांचं पुस्तक, चेहरा वर्गात कोणीतरी गोंधळ घातल्यासारखा.

"पाचवाच. सहाव्याचं बोलू नकोस," तिने बजावलं.

नर्सने सुई लावली. पिशवीतून थेंब पडू लागले. अडीच, तीन, साडेतीन. ताई कोडी सोडवत होती, मधून मधून डोळे मिटत होती. चारला पाच कमी असताना तिने पुस्तक मिटलं, चष्मा पुसला, रुमाल नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली.

चार वाजले. मी थोडा वेळ थांबलो.

"काही वाटतंय का?"

"मळमळतंय."

"तसं नाही. म्हणजे, वेगळं काही?"

"गप्प बस. अजून पाचसहावरच असतील ते."

भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा सरकत होता. ताई त्याच्याकडे बघत होती आणि मी ताईकडे. एका नंबराला अर्धा मिनिट, हे गणित आम्ही दोघांनीही केलेलं होतं. चार वाजून एकोणीस मिनिटांनी तिने सुई नसलेला हात वर उचलला आणि बधिर बोटांनी वरचा ओठ हळूच चाचपून पाहिला, दोन्ही टोकांपर्यंत.

मी हसलो असतो, पण तिचा चेहरा अगदी गंभीर होता. मग तिने पुस्तक उघडलं नाही. मीही उठलो नाही. चार चाळीसपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. एकोणऐंशी आणि ऐंशी व्हायचे होते.